श्वासाची वाट आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकानें पुण्याकडची एक हकीकत छापली. कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या म्हैसूरच्या लढाईंत इंग्रजी सैन्याबरोबर होता. तो टिपूच्या शिपायांच्या हातीं सांपडला, व त्यांनीं त्याचें नाक आणि एक हात कापून टाकला. वर्षभरानें पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी खालीं वळवून तिचें नवें नाक बसविलें. विलायतेंतील डॉक्टरांस नवल वाटलें तें कातडी वळविण्याच्या युक्तीचें. त्याच हकीकतींतील पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. रोग्यानें पांचसहा दिवस उताणें निजून राहावें, आणि दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालावे, म्हणजे त्या मिटून न जातां पुरेशा उघड्या राहतात, असा त्या कारागिराचा परिपाठ होता. श्वासाच्या वाटेवर शस्त्र चालविलें म्हणजे तेथें सूज येते, व्रण आकसतो, आणि ज्या वाटेसाठीं एवढा खटाटोप केला तीच बुजूं लागते, हें त्याला अनुभवानें ठाऊक झालें असलें पाहिजे.

घोरण्याच्या रोगावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जी शस्त्रक्रिया निघाली, तिचा इतिहास याच अडचणीभोंवतीं फिरतो.

घोरणें हा आपल्या घरांतून थट्टेचा विषय आहे. लग्नघरीं एकाच दालनांत दहापांच पाहुणे निजले कीं सकाळीं कोणा तरी काकांची टर उडते आणि कुंभकर्णाचें नांव निघतें. पण कांहीं माणसांचें घोरणें मध्येंच एकदम थांबतें. छाती हालत असते, पोट वरखालीं होत असतें, आणि तरीहि नाकातोंडांतून हवा जात नाहीं. जागेपणीं घशाचे स्नायू ताठ असतात म्हणून वाट उघडी राहते. झोंपेंत ते सैल पडतात, जीभ मागें घसरते, टाळूचा मऊ भाग खालीं येतो, आणि ज्याचा घसा मुळांतच अरुंद त्याची वाट पार मिटते. रक्तांतील प्राणवायू उतरतो, मेंदूला धक्का बसतो, मनुष्य अर्धवट जागा होऊन मोठ्यानें श्वास घेतो, आणि पुन्हा निजतो. दहा सेकंद वा अधिक वेळ श्वास अडला म्हणजे एक खंड असे मोजतात. तासाला असे पांच खंड पडले तर रोग आहे असें धरतात. तीस पडले तर तो तीव्र समजावा. मुंबईंतील डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००४ सालीं मध्यमवयीन शहरी पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत शेंकडा १९.५ पुरुषांच्या झोंपेंत श्वासाचा बिघाड आढळला, आणि शेंकडा ७.५ जणांस त्याबरोबर दिवसाची गुंगीहि होती.

झोंपेंत जें घडतें तेंच भूल दिल्यावर घडतें, हें मात्र वैद्यकाला शंभर वर्षें आधीं कळलें होतें. आणि कळलें तें माणसें गमावून. एडिंबरोच्या सिम्प्सननें १८४७ च्या नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म प्रचारांत आणलें. पुढच्या जानेवारीच्या २८ तारखेस न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचें नख काढण्यासारख्या क्षुल्लक शस्त्रक्रियेंत क्लोरोफॉर्मनें दगावली. तेव्हांपासून वाद पेटला: असा मनुष्य मरतो तो हृदय थांबून कीं श्वास थांबून? या वादाचा एक मोठा अध्याय आपल्या शेजारीं, निजामाच्या हैदराबादेंत घडला. तेथील रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यानें १८८८ सालीं एक मंडळ नेमविलें. तें विलायतेंत पटेना म्हणून १८८९ सालीं दुसरें नेमलें गेलें, व त्यासाठीं निजामानें एक हजार पौंड देऊन 'लॅन्सेट' पत्राच्या वतीनें लॉडर ब्रंटन यास बोलावून घेतलें. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष असा कीं, श्वास आधीं थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्यानें नाडीवर बोट ठेवून बसण्यापेक्षां श्वासावर डोळा ठेवावा. हा निष्कर्ष अपुरा होता. क्लोरोफॉर्म हृदयालाहि एकाएकीं बंद पाडूं शकतें, हें गुडमन लेव्ही यानें १९११ च्या सुमारास दाखवून दिलें. पण लॉरीच्या हट्टांतून निघालेला एक धडा टिकला, आणि तो म्हणजे बेशुद्ध माणसाचा घसा स्वतःची काळजी घेत नाहीं. जर्मनींत एस्मार्क वगैरे शस्त्रवैद्य १८७० नंतरच्या दशकांत हाच धडा हातानें शिकवीत होते. रोग्याचा खालचा जबडा दोन्ही कोपऱ्यांशीं धरून पुढें ओढला म्हणजे जिभेचें मूळ उचललें जातें आणि वाट मोकळी होते. ही युक्ति पुढें पुन्हा भेटेल.

इतकें कळूनहि रोजच्या झोंपेंत असेंच घडत असेल, ही कल्पना कोणाच्या मनांत फार दिवस आली नाहीं. डिकन्सनें १८३६-३७ सालीं 'पिकविक पेपर्स' लिहिलें. त्यांतील जो नांवाचा लठ्ठ पोरगा दाराची कडी वाजवितां वाजवितां झोंपतो. १९५६ सालीं बर्वेल व त्याच्या सोबत्यांनीं अशा लठ्ठ व पेंगणाऱ्या रोग्यांस त्याच कादंबरीचें नांव दिलें. त्यांचा रोगी एक व्यापारी होता, आणि पत्ते खेळतांना हातांत तीन एक्के व दोन राजे आले असतां तो डाव सोडून घोरूं लागला, तेव्हां कोठें त्याला आपण आजारी आहों असें वाटलें. तरीहि डॉक्टरांनीं दोष चरबीवर आणि रक्तांत सांचणाऱ्या दूषित वायूवर टाकला. रात्री उशाशीं बसून पाहावें हें कोणास सुचलें नाहीं. तें १९६५ सालीं फ्रान्समध्यें मार्सेय येथें गास्तो याच्या व जर्मनींत फ्रायबुर्ग येथें युंग आणि कूलो यांच्या प्रयोगशाळेंत घडलें. निजलेल्या रोग्याच्या मेंदूच्या व श्वासाच्या नोंदी एकाच वेळीं घेतांच सारा उलगडा झाला.

मग उपायहि सरळ दिसला. १९६९ सालीं कूलो, डॉल व फ्रांक यांनीं अशा रोग्याच्या गळ्याला खालच्या बाजूस भोंक पाडून श्वासनलिकेंत नळी बसविली. घसा मिटो वा उघडा राहो, हवा त्याच्या खालून आंत जाई. रोगी त्या रात्रीं खरोखर झोंपला. यासारखा हमखास उपाय या रोगावर दुसरा निघाला नाहीं. आणि इतका जिवावरचाहि नाहीं. नळीभोंवतीं मांस वाढतें, कफ सांठतो, छातीला संसर्ग होतो, बोलतांना भोंक झांकावें लागतें. पाण्यांत बुडी मारणें तर कायमचेंच बंद. नेवाशाजवळ टोक्याला जेथें प्रवरा गोदावरीला मिळते तेथें पर्वणीला स्नान करणाऱ्या माणसाला या एकाच अटीचा अर्थ पुरता कळेल. तेव्हां एवढें मोठें मोल न देतां घशांतली अडचणच कापून काढतां येणार नाहीं काय, असा प्रश्न शस्त्रवैद्यांच्या मनांत आला.

जपानांत इकेमात्सु हा वैद्य १९५० नंतरच्या दशकापासून केवळ घोरणें थांबावें म्हणून पडजीभ व टाळूचा कांहीं भाग कापीत असे. त्याची पद्धत पुढें नेऊन शिरो फुजिता यानें अमेरिकेंत डेट्रॉइट येथें गलग्रंथि, पडजीभ आणि मऊ टाळूची कड काढून घशाच्या भिंती शिवून ताणण्याची शस्त्रक्रिया बसविली, व १९८१ सालीं बारा रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. गळ्याला भोंक नको, बाहेरून व्रण नको. दहा वर्षांत ती सर्वत्र पसरली. उत्साह पुराव्याच्या पुढें धांवला, असें आज म्हणावें लागतें. १९९६ सालीं शेर व त्याच्या सोबत्यांनीं तोंवरचे सारे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हां निम्म्याहून कमी रोग्यांस, शेंकडा चाळिसांच्या आसपास, पुरता गुण आल्याचें दिसलें. पुष्कळांची जीभच मागें पडत होती; टाळू कापून तिला काय होणार!

पण गुण न येणें ही एक गोष्ट, आणि शस्त्रक्रियेनें जीव धोक्यांत येणें ही दुसरी. शस्त्रक्रिया पार पडली, या शब्दांवर आपल्याकडे पेढे वांटण्याची घाई होते. महात्मा गांधींचें आंत्रपुच्छ १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून इस्पितळांत कर्नल मॅडॉक यांनीं काढलें; वादळांत विजेचे दिवे गेले आणि अखेरचें काम कंदिलाच्या उजेडांत झालें, ही कथा सर्वांस पाठ आहे. त्यानंतर जखमेंत पू झाला व ती भरून येण्यास वेळ लागला, हें मात्र थोड्यांच्या स्मरणांत असतें. घशाच्या शस्त्रक्रियेंत तर टेबलावरच्या अर्ध्या तासापेक्षां नंतरच्या दोनतीन रात्रीच अधिक कठीण.

याचा पहिला नीट हिशेब १९८९ सालीं अमेरिकेंत सिएटल येथील एस्क्लमाडो व त्याच्या सोबत्यांनीं मांडला. या रोगासाठीं शस्त्रक्रिया झालेल्या १३५ रोग्यांचीं टिपणें त्यांनीं चाळलीं. १८ जणांस, म्हणजे शेंकडा १३ जणांस, त्या वेळीं वा लगेच नंतर उपद्रव झाला होता. त्या अठरांपैकीं तिघांस रक्तस्राव झाला, एकाच्या हृदयाचा ताल बिघडला; उरलेल्या चौदांचा प्रश्न एकच, श्वासाची वाट. कोणाच्या घशांत नळीच घालतां येईना, कोणाची नळी काढतांच घसा मिटला. त्यांपैकीं एक मरण पावला. कोणास उपद्रव झाला हें पाहिलें तर ज्यांचा रोग अधिक तीव्र, ज्यांचा प्राणवायू झोंपेंत अधिक खालीं उतरत होता, आणि ज्यांना शस्त्रक्रियेच्या वेळीं अफूच्या जातीचीं औषधें अधिक दिलीं गेलीं होतीं, अशीं तीं माणसें होतीं.

या शेवटच्या गोष्टीशीं थोडें थांबलें पाहिजे. भुलीचा अंमल शस्त्रक्रिया संपतांच सर्वस्वी जात नाहीं. घशाचे स्नायू कांहीं तास ढिले राहतात. कापल्या जागीं सूज चढते, ती दुसऱ्या दिवशीं अधिक असते. नाकांतहि काम केलें असेल तर तेथें बोळे भरलेले असतात, म्हणजे एक दार बंदच. गिळतांना वेदना असह्य, म्हणून रोगी औषध मागतो. मॉर्फिनसारखें औषध वेदना थांबवितें, झोंप आणतें, आणि प्राणवायू उतरला असतां मेंदूनें जो धक्का देऊन माणसाला जागें करावयाचें तोच धक्का बोथट करतें. हा रोगी इतकीं वर्षें जगला तो रात्रीं शंभर वेळां जागा होत होता म्हणून. दयेपोटीं त्याची तीच जाग काढून घेतली जाते. दुसऱ्या कोणाहि माणसाला सहज मानवणारी मात्रा याला घातक ठरूं शकते. आणि ज्या रोगासाठीं शस्त्र हातीं घेतलें तो रोगच त्या शस्त्राचा सर्वांत मोठा धोका होऊन बसतो.

पहिली रात्र निभावली म्हणजे गंगेंत घोडें न्हालें, असेंहि नाहीं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या रात्रीं स्वप्नांची गाढ झोंप जवळजवळ येतच नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीं ती थकबाकी वसूल केल्याप्रमाणें एकदम येते, आणि त्याच झोंपेंत स्नायू सर्वांत सैल असतात. टोरांटोच्या डॉक्टर फ्रान्सेस चुंग यांनीं निरनिराळ्या शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या झोंपेची नोंद घेऊन २०१४ सालीं दाखविलें कीं, श्वासाचे खंड तिसऱ्या रात्रीं सर्वांत अधिक पडतात. टाळूवरची खपली पांचव्यापासून दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, आणि उशिराचा रक्तस्राव व्हावयाचा तर बहुधा त्या वेळीं होतो. याशिवाय कांहींच्या टाळूचा झांकणासारखा उपयोग जातो आणि पितां पितां पाणी नाकांतून येतें. कांहींच्या घशांत व्रण आकसून नाकामागची वाटच बंद होते, आणि मग पुण्याच्या त्या कारागिराच्या कापडी तुकड्यांची आठवण येते.

पुढें सावधपणा वाढला तसे आंकडेहि सुधारले. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या इस्पितळांतून १९९१ ते २००१ या काळांत फुजिताची शस्त्रक्रिया झालेल्या ३१३० प्रौढांची माहिती केझीरियन व त्याच्या सोबत्यांनीं २००४ सालीं दिली. गंभीर उपद्रव शेंकडा दीड जणांस झाला, आणि तीस दिवसांच्या आंत सात जण दगावले. दोन वर्षांनीं त्यांनींच धोका वाढविणाऱ्या गोष्टी सांगितल्या: रोगाची तीव्रता, शरीराचा स्थूलपणा, जोडीला असलेले हृदयादिकांचे विकार, आणि टाळूबरोबर जिभेमागचेंहि काम त्याच वेळीं उरकणें. हजारांत दोन मृत्यु हें प्रमाण अल्प वाटेल. पण घोरणें थांबावें म्हणून स्वतःच्या पायांनीं चालत गेलेल्या माणसांचे ते मृत्यु होत.

स्थूलपणाचें नांव निघालें म्हणून आपल्या नगर जिल्ह्याकडे वळूं. २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ ज्यांनीं सोसला त्या पिढीस डिकन्सचा लठ्ठ पोरगा परीकथेंतलाच वाटला असता. त्याच जिल्ह्यांत प्रवरेच्या पाण्यावर ऊंस उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें १९५० सालीं सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि त्याच परिसरांत लोणीस १९८४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. सुबत्तेचे रोग सुबत्तेमागून येतातच. तथापि सडपातळ माणसानें निश्चिंत राहूं नये. आशियाई लोकांच्या चेहऱ्याची व जबड्याची ठेवण अशी आहे कीं, युरोपियनापेक्षां कमी वजनावरहि हा रोग जडतो. चुंग यांनींच २००८ सालीं भुलीपूर्वीं विचारावयाचे आठ साधे प्रश्न ठरवून दिले. त्यांत एक प्रश्न गळ्याच्या घेराचा आहे, तो चाळीस सेंटिमीटरांहून अधिक आहे काय? एवढें माप कोणताहि शिंपी देईल.

क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. एका टोंकास अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या टोंकास जामखेड. शहरांत घशाची शस्त्रक्रिया करून चौथ्या दिवशीं घरीं गेलेल्या माणसाची खपली सातव्या रात्रीं सुटली, तर इस्पितळ किती कोस आहे हाहि एक धोक्याचाच आंकडा, जरी तो कोणत्याहि अमेरिकन तक्त्यांत सांपडणार नाहीं. जामखेडास रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानें १९७० सालीं काम सुरू केलें, आणि अक्षरओळख नसलेल्या खेड्यांतील बायांना आरोग्याचें शिक्षण देऊन गांवोगांव उभें केलें. १९७९ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कशाकडे पाहावयाचें हें नीट सांगितलें तर साधें माणूस किती पाहूं शकतें, याचा दाखला त्याच जिल्ह्यांत आहे. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनीं पाहावयाच्या गोष्टी फार नाहींत. रोग्याचें डोकें व छाती उंच ठेवावी, त्याला शक्य तर कुशीवर निजवावें, दारू व झोंपेच्या गोळ्या देऊं नयेत, घोरणें एकाएकीं थांबून छाती नुसतीच उचंबळत असेल तर त्याला जागें करावें, आणि लाळेंत ताजें रक्त दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये.

लहान मुलांची गोष्ट याहून नाजूक. त्यांचा घसा बहुधा वाढलेल्या टॉन्सिलांनीं व नाकामागच्या ग्रंथींनीं अडतो, आणि त्या काढल्या कीं बहुतेक मुलें खडखडीत बरीं होतात. पण तीन वर्षांखालील मूल, फार लठ्ठ मूल, किंवा जन्मतः चेहऱ्याची वा जबड्याची ठेवण वेगळी असलेलें मूल यांस पहिली रात्र इस्पितळांतच ठेवतात. २००९ सालीं कॅनडांतील एका दोन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया सुरळीत झाली, घरीं जातांना दुखण्यावर कोडीनचें औषध मिळालें, तें सांगितल्या मात्रेंतच दिलें गेलें, आणि मूल दगावलें. कांहीं माणसांचें यकृत कोडीनचें मॉर्फिन फार वेगानें करतें, आणि तें मूल त्यांपैकीं एक होतें. अमेरिकेंत २०१३ सालीं टॉन्सिल काढलेल्या मुलांस कोडीन देऊं नये असा सक्त इशारा निघाला.

जबडा पुढें ओढण्याची एस्मार्कची युक्ति याच रोगांत पुन्हा आली. अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें रायली व पॉवेल यांनीं १९८० नंतर दोन्ही जबडे कापून ते पुढें आणून कायमचे बसविण्यास आरंभ केला. भूल देणाऱ्याचे हात जें घटकाभर करीत तें हाडाला शिकविलें म्हणावयाचें. टाळूच्या कामापेक्षां हिला गुण पुष्कळ अधिक, पण खालचा ओंठ व हनुवटी बधिर होणें हा तिचा नेहमींचा उपद्रव, आणि दांतांची मिळणी बदलते ती वेगळीच.

फुजितानें आपला निबंध छापला त्याच १९८१ सालीं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यानें पांच रोग्यांच्या नाकावर मुखवटा बसवून बारीक दाबानें हवा सोडली. घसा त्या दाबानें उघडा राहिला, आणि कापाकापीशिवाय रोगी झोंपला. आज प्रथम हें यंत्र सुचवितात, तें ज्यांस मानवत नाहीं त्यांच्यासाठीं शस्त्राचा विचार करतात. आणि शस्त्रक्रिया ठरली तर रोग्यानें आपलें यंत्र इस्पितळांत बरोबर आणावें असें सांगतात, कारण तिच्या नंतरच्या रात्रीं त्याचीच गरज लागते. मात्र टाळू फार कापला गेला असेल तर पुढें त्या यंत्राची हवा तोंडावाटे निसटते, आणि ज्याला शस्त्रक्रियेनें गुण आला नाहीं त्याला यंत्रहि पूर्वीसारखें लागूं पडत नाहीं. म्हणून टाळूचा किती भाग ठेवावा हा प्रश्न आतां शस्त्रवैद्य आधीं विचारतात, आणि नव्या पद्धतींत कापण्यापेक्षां टांके घालून टाळू पुढें व बाजूला ताणण्याकडे त्यांचा कल आहे.